जमिनीचं मूळ खरेदीखत हरवलंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घर बदलताना, भावाभावांत वाटण्या होताना, पुराच्या पाण्यात, किंवा "कुठेतरी नीट ठेवलं होतं" असे म्हणता म्हणता खरेदीखत दिसेनासे होते. मग घरात घबराट होते आणि त्या घबराटीत माणसे चुकीच्या दारात जातात. पुढची उत्तरे महाराष्ट्रातील शेतजमीन, प्लॉट आणि सदनिका यांच्यासाठी आहेत. गोव्यासाठी वेगळा प्रश्न घेतला आहे.

खरेदीखत हरवलं म्हणजे जमीन हातची गेली का?

नाही. खरेदीखतावर सह्या होऊन ते दुय्यम निबंधकांकडे नोंदले गेले, तेव्हाच मालकी तुमच्याकडे आली. कागद गहाळ झाल्याने ती विकणाऱ्याकडे परत जात नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार स्थावर मालमत्तेच्या प्रत्येक नोंदवलेल्या दस्ताची पूर्ण प्रत 'पुस्तक क्रमांक १' मध्ये कायम राहते.

अडचण दुसरीकडे आहे. विक्री, कर्ज आणि कोर्ट या तिन्ही ठिकाणी मूळ दस्त मागतात, आणि तो नसेल तर "गहाण तर ठेवला नाही ना?" असा संशय येतो. म्हणून नुसती नक्कल काढून भागत नाही. दस्त खरोखर हरवला आणि तुम्ही वेळच्या वेळी तसे कळवले, हेही कागदावर यावे लागते. गरज पडली की बघू, असे म्हणून थांबू नका. विक्री ठरल्यानंतर आठ दिवसांत जमवलेल्या कागदांवर खरेदीदाराचा वकील विश्वास ठेवत नाही, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही.

दुय्यम निबंधक कार्यालयातून मूळ दस्त पुन्हा मिळतो का?

मूळ दस्त एकदाच तयार होतो. कार्यालय देते ती प्रमाणित प्रत, म्हणजे सही-शिक्क्याची नक्कल. "आतून ओरिजनल काढून देतो" असे कोणी एजंट सांगत असेल तर तो तुम्हाला बनावट कागद देणार आहे. तो वापरला तर गुन्हा तुमच्यावरही दाखल होऊ शकतो.

मात्र एक गोष्ट आधी तपासा. संगणकीकरणापूर्वी नोंदणी झाली की दस्त त्याच दिवशी हातात मिळत नसे. नक्कल उतरवून किंवा छायाचित्रण होऊन तो परत यायला खूप काळ जाई. मुंबईकडचे दस्त तर छायाचित्रणासाठी पुण्याच्या शासकीय छायाचित्र नोंदणी कार्यालयात जात. पक्षकार पावती घेऊन घरी जात आणि कित्येक जण दस्त घ्यायला पुन्हा फिरकलेच नाहीत. घरात फक्त नोंदणी फीची पावती सापडत असेल आणि दस्त कोणी पाहिल्याचे आठवत नसेल, तर तो हरवलेला नसून न नेलेला असू शकतो. पावती घेऊन कार्यालयात चौकशी करा. दोन वर्षांहून अधिक काळ न नेलेले दस्त नष्ट करण्याची तरतूद कायद्यात आहे, त्यामुळे मिळेलच असे नाही. पण विचारल्याशिवाय पोलिसांत जाऊ नका.

सुरुवात कुठून करायची?

घरातले, बँकेतले, वकिलाकडचे, सोसायटीच्या कार्यालयातले सगळे कप्पे एकदा शांतपणे बघा. जुने कर्ज फिटले असेल तर कागद बँकेतच पडून असण्याची शक्यता मोठी असते. एखाद्या दाव्यात किंवा अपिलात मूळ दस्त दाखल केला असेल तर तो कोर्टाच्या रेकॉर्डला असतो आणि अर्ज करून परत मागता येतो.

हे करूनही मिळाला नाही, तर क्रम असा ठेवा: आधी दस्त क्रमांक शोधून प्रमाणित प्रत, मग पोलिसांत गहाळ तक्रार, मग वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, आणि नोटिशीची मुदत संपल्यावर प्रतिज्ञापत्र. नक्कल आधी घ्यायची, कारण तक्रारीत आणि नोटिशीत दस्त क्रमांक, तारीख, क्षेत्र बिनचूक लिहिता येते. कागद चोरीला गेला असेल तर मात्र थांबू नका, पोलिसांत आधी जा.

दस्त क्रमांक आठवत नाही. शोधायचा कसा?

सगळ्यात जास्त लोक इथे अडतात, म्हणून सविस्तर सांगतो.

शेतजमीन असेल तर सातबारा काढा. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो. त्यावर तुमच्या नावाजवळ कंसात किंवा वर्तुळात फेरफार क्रमांक दिसेल. त्याच क्रमांकाचा फेरफार, म्हणजे गाव नमुना ६ (जमिनीवरील हक्क बदलल्याच्या नोंदींची वही) चा उतारा मागवा. 'हक्काचा प्रकार' या रकान्यात साधारण अशा धर्तीचा मजकूर असतो: अमुक यांनी गट नंबर अमुक, क्षेत्र इतके, अमुक रकमेस अमुक यांस रजिस्टर खरेदीखताने दिले, दस्त क्रमांक व तारीख अमुक. शेवटच्या रकान्यात मंडळ अधिकाऱ्याचा शेरा आणि सही असते. या एका उताऱ्यातून दस्त क्रमांक, तारीख आणि बहुधा कार्यालयही कळते. जुने फेरफार काही जिल्ह्यांपुरते 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवलेले आहेत. इतर ठिकाणी तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करावा लागतो.

शहरातल्या मिळकतीसाठी मालमत्ता पत्रक, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड बघा. त्यावरही व्यवहाराची तारीख आणि दस्ताचा उल्लेख असतो. ते नगर भूमापन कार्यालयाकडचे असते.

फेरफारही हाती लागला नाही, तर नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरील ई-सर्च वापरा. मुंबईचे १९८५ पासूनचे आणि उर्वरित महाराष्ट्राचे २००२ पासूनचे दस्त तिथे सापडतात. गाव, वर्ष आणि गट नंबर टाकला की सूची क्रमांक २ उघडते. गट नंबर '१२' असताना तुमच्या दस्तात '१२/१अ' लिहिलेले असू शकते. तेव्हा एका प्रकारे सापडले नाही म्हणून सोडू नका, नंबर निरनिराळ्या तऱ्हांनी टाकून बघा. त्याहून जुन्या दस्तांसाठी दुय्यम निबंधक कार्यालयात फी भरून सूचीचा प्रत्यक्ष शोध घ्यावा लागतो. सूची १ नावावरून आणि सूची २ मिळकतीवरून लावलेली असते. फी वर्षागणिक आकारली जाते, त्यामुळे व्यवहाराचे साल जितके नेमके तितका खर्च कमी.

दस्ताची झेरॉक्स असेल तर निम्मे काम झाले. अलीकडच्या दस्ताच्या प्रत्येक पानावर शिक्का असतो: कार्यालयाचे छोटे नाव, दस्त क्रमांक, पानाचा क्रमांक, एकूण पाने, वर्ष. 'हवल' म्हणजे हवेली, 'टनन' म्हणजे ठाणे, 'बदर' म्हणजे वांद्रे, 'करल' म्हणजे कुर्ला. एकच पान हाती असले तरी एवढ्यावरून दस्त सापडतो.

दस्तात सर्व्हे नंबर आहे, सातबाऱ्यावर गट नंबर. जमीन तीच हे कसं दाखवायचं?

१९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखाली गावोगाव एकत्रीकरण योजना झाली, तेव्हा जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. तालुक्याच्या भूमि अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरण योजनेचा उतारा घ्या. त्यात जुना सर्व्हे-हिस्सा आणि नवा गट यांचा मेळ असतो. हा उतारा नकलेसोबत कायमचा जोडून ठेवा. तो नसला की प्रत्येक खरेदीदार आणि प्रत्येक बँक तोच प्रश्न नव्याने विचारते.

नक्कल कोण मागू शकतं?

नोंदणी कायद्याच्या कलम ५७ नुसार पुस्तक १ मधील दस्ताची नक्कल फी भरून कोणीही मागू शकतो. तुमचे नाव दस्तात असायलाच हवे असे नाही. वारस, भाऊ, वकील, कोणीही अर्ज करू शकतो. मृत्युपत्र आणि पुस्तक ४ मधील दस्त, जसे की सर्वसाधारण मुखत्यारपत्र, यांना मात्र मर्यादा आहेत. ते देणाऱ्या-घेणाऱ्यांना, त्यांच्या प्रतिनिधींना किंवा वारसांना मिळतात, आणि मृत्युपत्राची नक्कल इतरांना ते करणाऱ्याच्या निधनानंतरच मिळते.

अर्जात दस्त क्रमांक, वर्ष, गाव, गट किंवा सिटी सर्व्हे नंबर लिहा. फी ग्रास या सरकारी भरणा प्रणालीतून ऑनलाइन भरता येते. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका. नकलेचे पान अन् पान मोजून, नकाशे व परिशिष्टे आहेत ना हे बघून मगच निघा. दस्ताला जोडलेला हद्दीचा नकाशा नकलेत राहून गेला, हे घरी आल्यावर कळण्यासारखा मनस्ताप नाही.

कार्यालय म्हणतं, "ते पुस्तक सापडत नाही" किंवा "पानं फाटली आहेत". मग?

तोंडी उत्तर घेऊन परत येऊ नका. "अभिलेख उपलब्ध नाही" असे लेखी मागा. लेखी मिळत नसेल तर माहिती अधिकारात त्या वर्षाच्या पुस्तकाची स्थिती विचारा. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा टाळाटाळीचे आले, तर पहिले अपील करा. सरकारी अभिलेख हरवणे ही साधी बाब नाही. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ मध्ये त्यासाठी शिक्षेची तरतूद आहे, आणि अर्जात या कायद्याचा उल्लेख केला की कपाटे जरा नीट शोधली जातात.

दरम्यान सह जिल्हा निबंधकांकडेही अर्ज करा. जुन्या कार्यालयांचे विभाजन झालेले असते, पुस्तके एका ठिकाणाहून दुसरीकडे गेलेली असतात. १९८० साली तालुक्याला एकच कार्यालय असेल आणि आज पाच असतील, तर पुस्तक त्यांपैकी नेमके कुठे आहे हे आधी विचारून घ्या. पुष्कळदा 'सापडत नाही' याचा अर्थ 'आमच्याकडे नाही' एवढाच असतो.

पोलिसांत काय लिहून द्यायचं?

कागद जिथे हरवला त्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात गहाळ तक्रार द्या. मुंबईसह राज्यात पोलिसांच्या संकेतस्थळावर ऑनलाइन नोंदही होते. तक्रारीत दस्ताचा प्रकार, क्रमांक, तारीख, मिळकतीचे वर्णन, केव्हा आणि कुठे हरवला असे वाटते, आणि तो कुठेही गहाण ठेवलेला नाही हे वाक्य, एवढे हवेच.

चोरी किंवा फसवणूक असेल, समजा एजंट किंवा नातेवाईक कागद देत नाही, तर 'गहाळ' असे लिहू नका. कागद कोणाकडे आहे हे माहीत असताना हरवला म्हणणे खोटे आहे, आणि हेच वाक्य पुढे कोर्टात तुमच्यावर उलटते. तेव्हा रीतसर फिर्यादच द्यायची.

पूर किंवा आग यांत कागद गेले असतील तर पंचनाम्याची प्रत तक्रारीला जोडा. २०१९ ला सांगली-कोल्हापुरात आणि जुलै २०२१ ला चिपळूण-महाडमध्ये घराघरांत पाणी शिरले. अशा वेळी पंचनाम्यात भांडी, धान्य, टीव्ही यांची यादी होते आणि कागदपत्रांचा उल्लेख कोणालाच सुचत नाही. 'मिळकतीची मूळ कागदपत्रे भिजून नष्ट' एवढी एक ओळ लिहून घेतली तर पुढे खूप कामी येते.

जाहीर नोटीस आणि प्रतिज्ञापत्र खरंच लागतं का?

नक्कल मिळवण्यासाठी लागत नाही. पण बँक आणि खरेदीदार यांना समाधान हवे असते, त्यासाठी लागते. नोटीस मिळकत ज्या भागात आहे तिथे खरोखर वाचल्या जाणाऱ्या दैनिकात द्या. कोपऱ्यातल्या अनोळखी पत्रात स्वस्तात छापलेली नोटीस बँकेचा वकील मान्य करीलच असे नाही. हरकतीसाठी साधारण १४ किंवा १५ दिवस देण्याचा प्रघात आहे. नोटिशीत मिळकतीचे वर्णन आणि दस्त क्रमांक द्या, आधार किंवा पॅन क्रमांक अजिबात देऊ नका. अंकाचे पूर्ण पान जपून ठेवा, नुसते कात्रण नको.

मुदत संपल्यावर प्रतिज्ञापत्र करा: दस्त हरवला, शोधूनही मिळाला नाही, गहाण किंवा तारण दिलेला नाही, सापडल्यास कळवीन, नोटिशीवर हरकत आली नाही. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात १०० रुपयांऐवजी ५०० रुपयांचा मुद्रांक लागू झाला. सरकारी दाखल्यांसाठीच्या प्रतिज्ञापत्रांना त्यातून सूट आहे, खासगी व्यवहारासाठीच्या प्रतिज्ञापत्राला नाही. बँक याखेरीज नुकसानभरपाईचे बंधपत्र मागते. त्याचा मसुदा त्यांच्याकडूनच घ्या.

कर्ज फेडलं, आणि आता बँक म्हणते कागद सापडत नाहीत. खर्च मी करायचा?

तुम्ही करायचा नाही. रिझर्व्ह बँकेच्या १३ सप्टेंबर २०२३ च्या परिपत्रकानुसार गृहकर्जासारखे वैयक्तिक कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागदपत्रे परत करणे आणि बोजा उतरवणे बँकेवर बंधनकारक आहे. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई कर्जदाराला द्यायची आहे. कागद बँकेकडून हरवले किंवा खराब झाले, तर नकला मिळवून देण्यात मदत करणे आणि त्याचा खर्च सोसणे हे बँकेचे काम आहे, आणि भरपाई त्याव्यतिरिक्त. अशा वेळी बँकेला आणखी ३० दिवस मिळतात, म्हणजे भरपाई एकूण ६० दिवसांनंतर मोजली जाते. हा नियम १ डिसेंबर २०२३ किंवा त्यानंतर ज्यांचे कागद परत करणे देय झाले त्यांना लागू आहे. नागरी सहकारी बँका आणि गृहवित्त कंपन्याही यात येतात.

शाखेत वारंवार गेल्याने काही होत नाही. कर्ज घेताना बँकेने दिलेली कागदपत्रांची यादी शोधा, ती जोडून लेखी तक्रार द्या आणि "मूळ दस्त आमच्याकडून गहाळ झाला" असे पत्र बँकेकडून घ्या. पुढे विक्रीच्या वेळी हे पत्र तुमच्या शंभर खुलाशांपेक्षा जास्त बोलते. पोलिसांत तक्रारही बँकेने द्यायला हवी, कारण कागद त्यांच्या ताब्यात होता. "तुम्हीच देऊन टाका" असे म्हणाले तर नकार द्या. ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी नाही.

व्यवसायासाठी घेतलेल्या कर्जाला हे परिपत्रक लागू नाही. पतसंस्था तर रिझर्व्ह बँकेच्या कक्षेतच येत नाहीत, त्यांची तक्रार सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे करावी लागते. हक्क तिथेही आहे, फक्त ५,००० रुपयांचा आधार नाही.

कोर्टात प्रमाणित प्रत चालते का?

चालते, पण आधी मूळ दस्त हरवल्याचे दाखवावे लागते. पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम ६५ मध्ये ही तरतूद होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६० मध्ये ती आहे. मूळ हरवल्यास दुय्यम पुरावा देता येतो, मात्र हरवण्यात तुमचा हेतुपुरस्सर हात नसावा. पोलीस तक्रार, नोटीस, प्रतिज्ञापत्र यांचा खरा उपयोग इथे होतो.

खरेदीखत नोंदलेलंच नव्हतं, साध्या स्टॅम्पवर होतं. आता काय?

इथे मला गोड बोलता येणार नाही. नोंदणी नाही म्हणजे कुठल्याही कार्यालयात प्रत नाही. १०० रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते, त्यामुळे मूळ कागद असता तरी मालकी पक्की झाली नसती. झेरॉक्स असेल आणि मूळ कागदावर मुद्रांक कमी भरलेला असेल, तर झेरॉक्सवर मुद्रांक शुल्क भरून ती वैध करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये स्पष्ट केले आहे. नोंदणीकृत खरेदीखत न करता नुसत्या मुखत्यारपत्राच्या जोरावर झालेल्या विक्रीने मालकी घेणाऱ्याकडे जात नाही, हेही २०११ मध्ये ठरले.

विकणारा किंवा त्याचे वारस हयात आणि राजी असतील तर आजच नोंदणीकृत खरेदीखत करून घ्या, मुद्रांक शुल्काचा विचार करत बसू नका. राजी नसतील तर ताबा, पैसे दिल्याच्या पावत्या, घरपट्टी, वीजबिल, पीकपाहणी गोळा करून दिवाणी वकिलाला भेटा. विकणाऱ्याचे वय होत असेल तर एक दिवसही वाया घालवू नका.

सातबाऱ्यावर माझं नाव आहे. मग खरेदीखताची फिकीर कशाला?

सातबारा हा महसुली अभिलेख आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ नुसार त्यातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी धरतात, हा त्याचा मोठा आधार. पण फेरफाराने मालकी निर्माण होत नाही, हे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. उद्या कोणी "हे नाव कशाच्या आधारे लागले?" असे विचारले, तर उत्तर खरेदीखतातच असते.

वडिलांच्या नावावर जमीन होती, ते गेले, खरेदीखत कुठेच नाही.

वारस नोंद आणि हरवलेला दस्त ही दोन वेगळी कामे आहेत, एकमेकांसाठी अडवून ठेवू नका. वारस नोंदीला मृत्यू दाखला आणि वारसांचे प्रतिज्ञापत्र घेऊन तलाठ्याकडे (आताचे ग्राम महसूल अधिकारी) जा किंवा ऑनलाइन अर्ज करा. दस्ताची नक्कल वर सांगितल्याप्रमाणे कोणीही वारस काढू शकतो. कोर्टाचा वारस दाखला लागलाच तर तो १८२७ च्या मुंबई विनियम ८ खाली मिळतो. लोक चुकून उत्तराधिकार प्रमाणपत्राच्या मागे लागतात. ते बँकेतील ठेवी, शेअर, येणी यांच्यासाठी असते, जमिनीसाठी नाही.

बहिणींची नावे वारसांत लपवू नका. मूळ दस्त नसलेल्या जमिनीवर वारसांचा वाद चढला की ती वर्षानुवर्षे विकता येत नाही.

कुळाचं ३२-म प्रमाणपत्र, सनद, वाटणीचा आदेश, शेअर सर्टिफिकेट हरवलं तर?

३२-म प्रमाणपत्राची, म्हणजे कुळाने जमीन विकत घेतल्याच्या कूळकायद्याखालील दाखल्याची, नक्कल तहसील कार्यालयातील शेतजमीन न्यायाधिकरणाच्या संचिकेतून मिळते. फेरफारात त्या आदेशाचा क्रमांक असतो, तो आधी काढा. कुळकायद्याखाली मिळालेली जमीन विकताना प्रमाणपत्राची तारीख फार महत्त्वाची ठरते, कारण दहा वर्षे उलटल्यानंतर आकाराच्या (जमीन महसुलाच्या) ४० पट रक्कम भरून विक्रीची वाट मोकळी होते. मराठवाड्यातील जमिनींना १९५० चा हैदराबाद कूळकायदा लागू होता. तिथे १९५४-५५ चे खासरा पत्रक हा जुन्या हक्काचा पाया मानतात, म्हणून त्याची नक्कल अवश्य काढा.

गावठाणातील घराची सनद किंवा स्वामित्व योजनेखाली मिळालेली सनद भूमि अभिलेख कार्यालयाकडे असते. जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खालच्या वाटणीचा आदेश तहसीलमध्ये. सदनिकेचे शेअर सर्टिफिकेट सोसायटी देते: अर्ज, पोलीस तक्रार, बंधपत्र आणि समितीचा ठराव, आपल्या सोसायटीच्या उपविधीप्रमाणे.

नक्कल मिळाली, पण ती मोडीत आहे!

जुन्या पिढीच्या दस्तांत हे होतेच. मोडी जाणकाराकडून देवनागरी लिप्यंतर करून घ्या आणि लिप्यंतरावर त्याची सही घ्या. राज्याच्या पुराभिलेख विभागाच्या प्रशिक्षणातून तयार झालेले वाचक जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. मूळ मोडी नक्कल आणि लिप्यंतर दोन्ही सोबत द्या. आकडे, हद्दी आणि नावे दुसऱ्या जाणकाराकडून ताडून घेतली तर उत्तम.

माझ्या मूळ दस्ताचा कोणी गैरवापर करील का? तो कसा टाळायचा?

धोका खरा आहे: तोतया उभा करून विक्री, किंवा दस्त ठेवून कर्ज. दुय्यम निबंधकांना पत्र जरूर द्या, पण तेवढ्याने नोंदणी थांबत नाही. ते मालकीचा निवाडा करत नाहीत. स्वतः लक्ष ठेवणे हाच उपाय. 'आपली चावडी' या संकेतस्थळावर गावातील फेरफाराच्या नोटिसा दिसतात. आपला गट तिथे दिसला तर मुदतीत लेखी हरकत घ्या. ई-सर्चही अधूनमधून करा. दस्त ठेवून घेतलेल्या कर्जाची सूचना नोंदवणे महाराष्ट्रात २०१३ पासून बंधनकारक आहे, त्यामुळे संस्थात्मक कर्ज निघाले तर तेही शोधात उमटते.

मी घेणारा आहे. विकणारा म्हणतो मूळ दस्त हरवला. व्यवहार करू का?

करा, पण घाई नको. ३० वर्षांचा शोध अहवाल घ्या, गहाणाच्या सूचना आणि सरसायच्या (बँकांकडे तारण दिलेल्या मिळकतींची केंद्रीय नोंदवही) नोंदी तपासा. पोलीस तक्रारीची तारीख बघा. तुमची बोलणी सुरू झाल्यानंतरची असेल तर अधिक खोदून विचारा. नोटीस तुमच्या वकिलामार्फत पुन्हा द्या. गावातल्या पतसंस्था, विकास सोसायटी आणि खासगी सावकार यांच्याकडेही विचारा, कारण सावकाराकडे ठेवलेला कागद कुठल्याच संगणकात दिसत नाही. खरेदीखतात दस्त हरवल्याचा तपशील आणि विकणाऱ्याची हमी स्पष्ट लिहून घ्या.

आम्ही परदेशात राहतो. यावं लागेल का?

शोध ऑनलाइन होतो आणि नकलेचा अर्ज इथला कोणीही करू शकतो, त्यासाठी मुखत्यारपत्रही लागत नाही. प्रतिज्ञापत्र आणि पुढची विक्री यांसाठी मात्र सही तुमची हवी. तिथल्या भारतीय दूतावासात साक्षांकन करून पाठवा. परदेशात केलेले मुखत्यारपत्र महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते, ही तारीख बरेच जण चुकवतात. म्हणून पाकीट मिळाल्याचा पुरावा जपा.

गोव्यातही हेच सगळं लागू होतं का?

नोंदणी कायदा तोच, त्यामुळे अलीकडच्या दस्तांची नक्कल उपनिबंधकांकडूनच. सातबाऱ्याच्या जागी फॉर्म एक व चौदा, आणि तहसीलदाराच्या जागी मामलेदार. १९६१ पूर्वीच्या मिळकतींचे दस्त पोर्तुगीजमध्ये असतात. त्यांतले बरेच पणजीच्या पुराभिलेख खात्यात शोधावे लागतात आणि भाषांतर करून घ्यावे लागते.

सगळं झाल्यावर मूळ दस्त सापडला तर?

पोलिसांना आणि ज्या बँकेला बंधपत्र दिले तिला लेखी कळवा. प्रतिज्ञापत्रात तुम्ही तसे लिहून दिलेले असते. नक्कल, नोटीस, तक्रार फाडून टाकू नका. मधल्या काळातील व्यवहारांत त्यांचा उल्लेख आलेला असतो. मूळ दस्ताला लॅमिनेशन करू नका, शिक्के आणि अंगठे तपासणे त्याने अवघड होते. जमीन विकून झाली असेल तर तो दस्त आता खरेदीदाराचा आहे. त्याची पोच घेऊन तो त्याच्या हवाली करा.